गणिताची भीती आणि गणिताची गोडी

जून महिन्यात शाळा उघडतात, नव्या वह्यांना पुठ्ठे चढतात आणि पहिली घटक चाचणी झाली की अनेक घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमच्या घराण्यातच गणित नाही." आई ते बोलते, वडील दुजोरा देतात आणि कोपऱ्यात बसलेले मूल ते मुकाट्याने मनावर कोरून घेते. ज्या घरातील आजी बाजारात भाजीच्या जुड्यांचा हिशेब तोंडी चुकता करीत असे, ज्या घरातील आजोबा नुसत्या नजरेने वाडीतील रोपांची संख्या सांगत असत, त्या घरात गणित नाही असे कसे म्हणावे? तरीही ते म्हटले जाते आणि दहा-अकरा वर्षांचे मूल त्यावर विश्वास ठेवते.

या विश्वासाची किंमत पुढे मोजावी लागते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा अर्ज भरताना, परिचर्येच्या अभ्यासक्रमात औषधाची मात्रा काढताना, बँकेच्या प्रवेशपरीक्षेत, किंवा घराच्या कर्जाचा हप्ता समजून घेताना गणिताला पाठ फिरविलेला मनुष्य अडखळतो. अनेकदा तो त्या वाटेला जाण्याचेच टाळतो. म्हणून प्रश्न केवळ गुणपत्रिकेतील एका रकान्याचा राहत नाही. एखाद्या मुलाने आयुष्यातील किती दारे स्वतःच बंद करून घ्यावीत, असा तो प्रश्न आहे.

या भीतीवर आपण सर्वसाधारणपणे एकच औषध देतो : शिकवणी. शाळेत जी उदाहरणे सुटली नाहीत, तीच संध्याकाळी पुन्हा सोडवावयाची. याचा काही उपयोग होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या अन्नाची शिसारी आली आहे तेच ताटात दुप्पट वाढले, तर भूक वाढत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही दुसऱ्या एका वाटेचा परिचय करून देणार आहोत. तिला शिक्षणशास्त्रात समृद्धीचे उपक्रम असे म्हणता येईल.

समृद्धीचे उपक्रम म्हणजे काय?

या शब्दाविषयी प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्याकडे समृद्धीचा उपक्रम म्हटले की हुशार मुलांसाठी जादा तास, शिष्यवृत्ती किंवा प्रावीण्य परीक्षेची तयारी, अथवा पुढच्या इयत्तेचा भाग आधीच शिकवून टाकणे असे चित्र डोळ्यांसमोर येते. वर्गातील पाच मुले निवडली जातात आणि उरलेल्या पन्नासांना आपली जागा कळून चुकते. अशा परीक्षांना त्यांचे स्थान आहे. परंतु ती निवड झाली, समृद्धी नव्हे.

खऱ्या अर्थाने समृद्ध करणाऱ्या उपक्रमाचा उंबरठा बुटका असतो आणि छत उंच असते. उंबरठा बुटका म्हणजे वर्गातील शेवटच्या बाकावरील मुलालाही तो ओलांडता यावा. साधी बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे. छत उंच म्हणजे ज्याला पुढे जावयाचे आहे त्याला शिद्धतेपर्यंत, 'हे नेहमीच असे का घडते' या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत, जाता यावे. सर्व मुले एकाच खोलीत, एकाच प्रश्नावर काम करीत असतात, मात्र प्रत्येकजण आपापल्या उंचीपर्यंत पोहोचतो.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणित अध्यापनाविषयी जो अभ्यासगट नेमला होता, त्याने मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे शालेय गणिताचे मुख्य उद्दिष्ट मानले आणि बहुसंख्य मुलांना वाटणारी भीती व अपयशाची भावना ही प्रमुख अडचण म्हणून नोंदविली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही गणिती विचार रुजविण्यासाठी कोडी व खेळ यांचा वापर करावा असे सुचविले आहे. धोरणे कागदावर आहेत. ती वर्गात कशी उतरवावीत, हे एका उदाहरणाने पाहू. ते उदाहरण आपल्याच मातीतले आहे.

डहाणूत जन्मलेले एक शिक्षक

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे निवृत्त होईपर्यंत, नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक म्हणून काम केले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. संशोधनासाठी कोणी त्यांना वेतन देत नव्हते. त्यांनी आपले निष्कर्ष बऱ्याचदा छोट्या पुस्तिका काढून प्रसिद्ध केले. काही विद्वानांना ते काम किरकोळ वाटले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगभरातील गणितप्रेमींना या शाळामास्तरांचे नाव कळले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

कापरेकरांनी अंकांशी मैत्री केली होती. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी एक क्रिया त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडली. ती समजण्यास चौथीची वजाबाकी पुरेशी आहे.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अट एकच, चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून सर्वांत मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून सर्वांत लहान संख्या करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर हीच क्रिया पुन्हा करावी. आपण कापरेकरांचे जन्मवर्ष, १९०५, घेऊन पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तीच क्रिया केली तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. संख्या तेथेच थांबते. वाचकांनी आपल्या जन्मवर्षापासून किंवा भ्रमणध्वनीच्या शेवटच्या चार अंकांपासून आरंभ करून पाहावा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हीच संख्या येते. योगायोग असा की कापरेकरांच्या स्वतःच्या जन्मवर्षाला या सातही पायऱ्या लागतात.

वर्गात काय घडते?

शिक्षकाने फळ्यावर फक्त कृती लिहावी, शेवट सांगू नये. प्रत्येक मुलाने आपल्या आवडीची संख्या निवडावी. दहा मिनिटांनी वर्गातून आवाज येऊ लागतात : "बाई, माझे सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर आले." "माझेही." "माझेही तेच!" वेगवेगळ्या संख्यांपासून निघालेली सारी मुले एकाच ठिकाणी येऊन पोहोचली, हा विस्मय ज्या क्षणी वर्गात पसरतो, त्या क्षणी गणिताचा तास बदलतो.

या दहा मिनिटांत काय काय साधले, हे शिक्षकांनी बारकाईने पाहावे. हातच्याच्या वजाबाकीची पाच-सहा उदाहरणे प्रत्येक मुलाने कंटाळा न करता सोडविली. तीच उदाहरणे स्वाध्याय म्हणून दिली असती तर निम्म्या वर्गाने तोंड वाकडे केले असते. शिवाय उत्तर तपासण्याची किल्ली मुलांच्याच हाती देता येते. संख्येतील अंकांची जागा बदलली तरी अंकांची बेरीज तीच राहते, त्यामुळे दोन्ही संख्यांना ९ ने भागल्यास बाकी समान उरते आणि वजाबाकीचे उत्तर नेहमी ९ ने भाग जाणारे येते. म्हणजेच प्रत्येक उत्तरातील अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ आलीच पाहिजे. वर दिलेल्या सात उत्तरांत ती ३९९६ साठी २७ आहे व इतरांसाठी १८ आहे. बेरीज जुळली नाही तर चूक झाली हे मुलाला स्वतःच कळते. आपली चूक दुसऱ्याने लाल शाईने दाखविणे आणि आपली आपण शोधून काढणे, यांत किती अंतर आहे हे शिक्षकांना सांगावयास नको.

आम्ही पाहिलेला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. एका शाळेतील सहावीच्या वर्गात हा उपक्रम चालू होता. मागच्या बाकावरील एका मुलीने २१११ ही संख्या घेतली होती. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. आता तीनच अंक उरले. तिने ९९९ मधून ९९९ वजा केले आणि शून्य आले. शेजारणीकडे ६१७४ होते. मुलीने खोडरबर काढले आणि सबंध पान पुसावयास सुरुवात केली. बाईंनी तिचा हात धरला आणि विचारले, "चुकलं आहे, की वेगळं आलं आहे?" ते शून्य त्यांनी फळ्यावर लिहिले आणि साऱ्या वर्गाला कामाला लावले. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, "बाई, आपण चार अंकांचा खेळ खेळतो ना, मग पुढचं शून्य सोडायचं नाही." मग ९९९ ऐवजी ०९९९ लिहिले गेले. ९९९० वजा ०९९९, उत्तर ८९९१. त्यानंतर ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. शून्याला काही किंमत नाही असे ज्या मुलांनी पाठ केले होते, त्यांना जागा धरून ठेवण्याचे त्याचे काम त्या दिवशी समजले. तास संपता संपता त्याच मुलीने विचारले, "बाई, तीन अंक घेतले तर?" जी मुलगी पान पुसावयास निघाली होती, तिने वर्गाला पुढचा प्रश्न दिला. समृद्धी म्हणतात ती हीच.

छत किती उंच आहे?

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. तीन अंकी संख्येवर हीच क्रिया केली असता ४९५ ही संख्या येते. येथे सातवी-आठवीच्या मुलांना सिद्धतेपर्यंत नेता येते. अंक उलट क्रमाने मांडले तरी मधला अंक जागेवरच राहतो, म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो. उरतो तो पहिल्या व शेवटच्या अंकांतील फरक, ९९ ने गुणलेला. हा फरक १ ते ९ यांपैकीच काही असणार. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर केवळ नऊ उत्तरे संभवतात : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ आणि ८९१.

आता मुलांनी या नऊ संख्या तपासून पाहाव्यात. ०९९ पासून ८९१, मग ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५ अशी साखळी तयार होते. १९८ हे ७९२ ला, २९७ हे ६९३ ला आणि ३९६ हे ५९४ ला येऊन मिळते. एकही संख्या साखळीबाहेर राहत नाही. म्हणून कोणतीही तीन अंकी संख्या जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत ४९५ ला पोहोचते. शेकडो संख्या न तपासता, नऊच तपासून, सर्वांविषयी खात्रीने बोलता आले. 'पुष्कळ वेळा असे दिसले' आणि 'नेहमी असेच होणार' यांतील भेद ज्या मुलाला आठवीत उमगला, त्याला दहावीच्या भूमितीतील सिद्धता परक्या वाटत नाहीत.

दोन अंकी संख्यांची तऱ्हा आणखी निराळी आहे. तेथे संख्या थांबतच नाही, ती फेर धरते : ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. हे तर तिसरी-चौथीच्या मुलांनाही शोधता येते.

कापरेकरांच्या शिदोरीत आणखीही पुष्कळ आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आणखी कोणत्या आहेत ते मुलांनी शोधावे. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१, ११११ गुणिले ११११ म्हणजे १२३४३२१. रेल्वेप्रवासात एका स्थानकावर सुचलेल्या या संख्यांना त्यांनी त्या स्थानकावरून 'डेम्लो' असे नाव दिले होते. हा डौल कोठपर्यंत टिकतो? दहा एकांवर आल्यावर हातचा येतो आणि रचना मोडते. ती का मोडते, याचा विचार करणे हेही गणितच होय.

घरातील साधने

गणिताची प्रयोगशाळा म्हटले की महागडी पेटी, रंगीत प्लॅस्टिक आणि कुलूपबंद कपाट आठवते. पुष्कळ शाळांत ते साहित्य निरीक्षक आल्यावरच बाहेर निघते. वास्तविक उत्तम साधने घराघरांत पडून आहेत.

चिंचोके. मूठभर चिंचोके घेऊन मुलांनी आयत मांडावेत. १२ चिंचोक्यांचे तीन प्रकारचे आयत होतात : एक ओळ बारांची, दोन ओळी सहांच्या, तीन ओळी चारांच्या. १३ चिंचोके घेतले तर एकाच ओळीवर भागवावे लागते. मूळ संख्येची व्याख्या पाठ करण्यापूर्वी ती बोटांना कळलेली बरी. तसेच एक चिंचोका ठेवून त्याच्या दोन बाजूंनी तीन, मग पाच, मग सात असे काटकोनात मांडत गेले की दर वेळी चौरस तयार होतो. विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या का येते, हे डोळ्यांना दिसते.

भिंतीवरील दिनदर्शिका. कोणत्याही महिन्यातील तीन बाय तीन असा नऊ तारखांचा चौकोन निवडावा. ८, ९, १०, त्याखाली १५, १६, १७ आणि त्याखाली २२, २३, २४ घेतल्यास बेरीज १४४ येते, म्हणजे मधल्या १६ ची नऊपट. मुलाने चौकोन दाखवावा आणि आईने क्षणात बेरीज सांगावी. आईला हे कसे जमते, याचा शोध मुलाने घ्यावा. बीजगणिताचा हा पहिला धडा ठरू शकतो.

कागद. कोणताही त्रिकोण कापून त्याचे तिन्ही कोपरे फाडावेत आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवावेत. सरळ रेषा तयार होते. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविण्याचा हा विचार आपल्या देशाला नवा नाही. टी. सुंदर राव यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १८९३ मध्येच मद्रास येथे प्रसिद्ध झाले होते.

काड्या आणि रबरी नळी. काड्यापेटीतील काड्या, गूल काढून टाकून, सायकलच्या व्हॉल्व्हच्या बारीक रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडाव्यात. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र कलत नाही. घराच्या छपराची कैची त्रिकोणी का असते, याचे उत्तर मुलाच्या हातात येते. ही युक्ती अरविंद गुप्ता यांनी देशभर नेली. आय.आय.टी. कानपूरचे पदवीधर असलेल्या गुप्तांनी पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे मुलांबरोबर काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

रेल्वेचे वेळापत्रक. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. जलद व धीम्या गाडीच्या वेळा पाहून सरासरी वेग काढणे, दोन्हींचा आलेख काढून जलद गाडी धीमीला कोठे मागे टाकते ते शोधणे, हे काम नववीतील मुलांना पाठ्यपुस्तकातील काल्पनिक गाड्यांपेक्षा निश्चितच जवळचे वाटेल.

आजोबांची पावकी. आपल्या ज्येष्ठांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केली होती. हे अपूर्णांकांचेच पाढे. औट म्हणजे साडेतीन, हे आजच्या किती मुलांना ठाऊक आहे? मुलाने आजोबांकडून पावकी ऐकावी आणि ती आजच्या अपूर्णांकांत लिहून काढावी. एरवी 'मला तुमचे नवे गणित कळत नाही' म्हणून बाजूला बसणारे आजोबा त्या दिवशी घरातील शिक्षक होतात.

भाषेची अडचणही ध्यानात घ्यावी

मराठीत आपण २१ लिहिताना आधी २ लिहितो, पण वाचताना 'एकवीस' म्हणजे आधी एक उच्चारतो. २९ ला तर 'एकोणतीस' म्हणतो, त्यात पुढच्या दशकाचे नाव येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असेही वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वादात दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. परंतु लहान मुलाला जाणवणारी अडचण खरी होती. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांची कुचंबणा आणखी वेगळी. शाळेत 'ट्वेंटी नाइन' आणि घरी 'एकोणतीस'. अशा वेळी मुलाला हसू नये. आईसक्रीमच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून द्याव्यात. दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या हातात असल्या की नाव कोणत्याही भाषेत घेतले तरी संख्या तीच राहते.

कोणाकडून साहाय्य घ्यावे?

ज्या शिक्षकांना व पालकांना या वाटेने पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात भक्कम आधार आहेत. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञान व गणिताच्या शिक्षणावर काम करीत आहे. ज्यांना खरोखरच उंच जावयाचे आहे अशा विद्यार्थ्यांच्या ऑलिंपियाडचे हेच राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. मराठी वाचकांसाठी मंगला नारळीकर यांची 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' ही पुस्तके आहेत. गणिताच्या या प्राध्यापिका २०२३ मध्ये निवर्तल्या. बालभारतीच्या गणित समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते. अरविंद गुप्ता यांची पुस्तके, मराठी अनुवादांसह, त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. इंग्रजी वाचता येत असल्यास केंब्रिज विद्यापीठाच्या 'एनरिच' प्रकल्पाने वयोगटानुसार तयार केलेले शेकडो उपक्रमही महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

मात्र साहित्य कितीही जमविले तरी उपक्रम यशस्वी होतो तो मोठ्यांच्या वागण्याने. येथे चार गोष्टी पाळाव्यात असे आम्हाला वाटते. उत्तर आधी सांगून टाकू नये. प्रथम कोण, अशी शर्यत लावू नये, कारण शर्यतीत हरणारे मूल विचार करणेच थांबविते. चुकीचे उत्तर पुसावयास लावण्यापूर्वी ते कसे आले हे विचारावे. आणि मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगून त्याच्याबरोबर शोधावयास बसावे. यातील एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

काही शिक्षक म्हणतील, पोर्शन पूर्ण व्हावयाचा असतो, खेळास वेळ कोठून आणावा? त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण कापरेकरांच्या क्रियेत जो तास गेला, त्यात वजाबाकी, स्थानिक किंमत, शून्य, ९ ची विभाज्यता आणि सिद्धतेची तोंडओळख इतके सारे अभ्यासक्रमातीलच झाले. आठवड्यातील एक तास याप्रमाणे दिला तरी पोर्शन मागे पडणार नाही.

आपल्याला काय करता येईल?

आपल्या धर्मग्रामांत सभागृहे आहेत आणि ती आठवड्यातील बराच वेळ रिकामी असतात. निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. अभियांत्रिकी आणि वाणिज्य शाखेत शिकणारी तरुण मुले-मुली आहेत. महिन्यातील एका रविवारी दुपारी एक तास, चिंचोक्यांची पिशवी, जुन्या दिनदर्शिका आणि एक फळा एवढ्या भांडवलावर गणिताचे मंडळ सुरू होऊ शकते. उन्हाळी शिबिरात गाणी, नाटुकली आणि चित्रकलेच्या जोडीला एक सकाळ गणिताची ठेवता येईल. त्यास माध्यमाचे, शाळेचे किंवा धर्माचे बंधन असण्याचे कारण नाही. पाड्यावरील मूल आणि सदनिकेतील मूल दोघेही ६१७४ ला सारख्याच पायऱ्यांनी पोहोचतात. अट एकच असावी. निवडक मुले बोलावू नयेत, सर्वांना बोलवावे, आणि ज्यांना गणित आवडत नाही त्यांना आवर्जून बोलवावे.

डहाणूत जन्मलेल्या एका शिक्षकाने शाळेची नोकरी सांभाळून, वही आणि पेन्सिल एवढ्याच साधनांवर, जगाला एक संख्या दिली. त्यांचा जन्म आपल्याच परिसरात झाला याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. त्याहून बरे म्हणजे आज रात्री जेवण आटोपल्यावर मुलाला शेजारी बसवून एक कागद घ्यावा, त्याच्या आवडीचे चार अंक लिहावयास सांगावेत आणि आपणही चार अंक लिहावेत. सात पायऱ्यांच्या आत दोघांची गाठ पडेल. त्यानंतर त्या घरात 'आमच्या घराण्यातच गणित नाही' हे वाक्य पुन्हा उच्चारले जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.